कंचा देव म्हनायचा ह्यो?

गेल्या वैशाखात मामेभावाच्या लग्नाचा गोंधळ होता. कराडहून पाटणच्या रस्त्याला लागलं की कोयनेच्या अंगानं जी गावं लागतात, त्यातलंच एक मामाचं गाव. दिवसभर लग्न, उन्हात वरात, आणि रात्री साडेनऊला अंगणात चौरंग मांडला गेला तेव्हा माझा झब्बा पाठीला चिकटून गेला होता. आत जाऊन पिशवीत हाताला लागला तो टी-शर्ट घातला आणि ओट्याच्या कडेला येऊन बसलो. चौरंगावर नवं कापड, तांदळाचा चौक, कलश, वर पाच उसांची खोप. गोंधळी तिघंच आले होते. संबळ वाजवणारे म्हातारबाबा, तुणतुण्यावर त्यांचा पुतण्या आणि झांज घेतलेला दहावी-अकरावीतला एक पोरगा, ज्याचे डोळे आत्ताच मिटायला लागले होते. बाबा माझ्या शेजारीच बसून संबळाच्या दोऱ्या ओढत होते. चामड्यावर टिचकी मारायची, कान लावायचा, पुन्हा दोरी ओढायची. ते करता करता त्यांची नजर माझ्या छातीवर येऊन थांबली. काळा रंग धुऊन धुऊन राखेसारखा झालेला तो टी-शर्ट. त्यावर पिरॅमिडच्या दारात सिंहासनावर बसलेला राजा, तोंड कवटीचं, पायाशी मुंगीएवढी माणसं.

"पावनं," ते म्हणाले, "कंचा देव म्हनायचा ह्यो?"

"काही नाही बाबा, असंच. एका बँडचं चित्र आहे."

"हां," म्हणाले, आणि संबळ कंबरेला बांधून उठले.

त्या रात्रीपासून ते "काही नाही" माझ्या घशात अडकून बसलंय.

कारण ते चित्र काही नाही, असं मला आयुष्यात कधीच वाटलेलं नाही. 1994 साली मी आठवीत होतो. पुण्याला इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर राहणारा मावसभाऊ दिवाळीत आला तो एक भरून आणलेली कॅसेट घेऊन. आयर्न मेडन या इंग्लंडच्या हेवी मेटल बँडचा 1984 चा अल्बम, 'पॉवरस्लेव्ह'. मूळ कव्हर नव्हतंच. कुणाच्या तरी कॅसेटवरून काढलेली काळी-पांढरी झेरॉक्स कापून आत सरकवली होती. त्या झेरॉक्समध्ये राजाचा चेहरा पार काळा होऊन गेला होता, फक्त बैठक तेवढी दिसायची. मी मराठी शाळेतला, इंग्रजी पाचवीपासूनची. गाण्यातले शब्द कानाला एक लागायचे आणि कागदावर दुसरेच निघायचे. तरी वर्षभरात शब्दकोश घेऊन त्या शेवटून दुसऱ्या गाण्याचा अर्थ लावला. एक राजा आहे. लहानपणापासून त्याला सांगत आलेत की तू देव आहेस. आता मरण दारात आलंय आणि तो विचारतोय की मी देव असेन तर मला का मरावं लागतंय. त्याच वर्षी फाल्गुनात आमची आजी गेली. शेवटचे आठ दिवस ती कुणाशीच बोलत नव्हती, पण मधेच हात वर करून कुणाला तरी थांब म्हणायची. घरात सगळे म्हणत होते, सोनं झालं म्हातारीचं. मला ते पटत नव्हतं, आणि न पटण्याची जागा मला कुठल्याच आरतीत सापडली नाही. ती या गाण्यात सापडली. इतकी वर्षं झाली, त्या गाण्याच्या मध्यावर लय एकदम संथ होते आणि गिटार एकटीच बोलायला लागते तिथं मला आजीचा वर उचललेला हात दिसतो.

हे मी त्या म्हाताऱ्या माणसाला सांगायला हवं होतं. गोंधळ्याला मरणाची आणि देवाची गोष्ट कळत नाही असं कुठं आहे?

आमचे वडील साखर कारखान्यात फिटर. गळीत हंगाम सुरू झाला की घराचं घड्याळ भोंग्यावर चालायचं. गव्हाणीत ऊस पडल्यापासून मिलच्या रोलरमधून चोयट्या होऊन बाहेर येईपर्यंतचा जो आवाज असतो तो कानानं ऐकायचा नसतोच. तो पायाच्या तळव्यातून वर चढतो. लहानपणी डबा द्यायला गेलो की मी मिलच्या कठड्याला हात लावून उभा राहायचो. हात मुंग्यांनी भरून जायचा. पुढं दोन वर्षांनी ब्लॅक सॅबथ हा दुसरा इंग्लिश बँड ऐकला आणि तो हात पुन्हा मुंग्यांनी भरला. घरच्या डेकला दोनच स्पीकर, त्यातला एक फाटलेला. वडील रात्रपाळी करून आले होते, चहाची बशी हातात होती. थोडं ऐकून म्हणाले, "बेअरिंगला तेल नसल्यावर असं वाजतं." मला राग नाही आला. त्यांनी तो आवाज कुठून येतो ते बरोबर ओळखलं होतं. सॅबथची माणसं बर्मिंगहॅमची, कारखान्यांच्या गावची. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. 1965 साली, नोकरीच्या शेवटच्या दिवशी, मशिनखाली त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार सोडून दे असं सगळ्यांनी सांगितल्यावर कारखान्यातल्याच त्याच्या साहेबानं त्याला जँगो राइनहार्टची रेकॉर्ड ऐकवली. आगीत भाजून दोन बोटं निकामी झालेला तो जॅझचा वादक, आणि काय वाजवत होता! आयोमीनं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, वर चामडं चिकटवलं, आणि गिटारच्या तारा कडक लागतात म्हणून बँजोच्या हलक्या तारा चढवल्या. 1971 च्या तिसऱ्या अल्बमपर्यंत त्यानं तारा तीन अर्धस्वर खाली उतरवल्या होत्या. ढिली तार दाबायला सोपी, आणि आवाज मात्र जमिनीखालून आल्यासारखा. मेटल म्हणून आज जगभर जे वाजतं त्याचा पाया हा असा एका कामगाराच्या तुटलेल्या बोटांवर उभा आहे. वडिलांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी बशी खाली ठेवली. त्यांच्या खात्यातल्या एका माणसाचा अंगठा चेनमध्ये गेला होता. "पुन्हा लाव ते," म्हणाले. पुढचं काही बोलले नाहीत, पण संपेपर्यंत बसून राहिले.

वडिलांच्या स्वतःच्या कॅसेटी लोखंडी ट्रंकेत असायच्या. बाहेरच्या काचेच्या शोकेसमध्ये भावगीतं, नाट्यगीतं, एक गीतरामायणाचा संच. आल्या-गेल्याला दिसावं असं. ट्रंकेत प्रल्हाद शिंदे, आनंद शिंदे, विठ्ठल उमप, वेसाव्याची कोळीगीतं, तमाशातल्या वगांच्या चार-पाच कॅसेटी. 'नवीन पोपट हा' ज्या वर्षी गावोगावी वाजत होतं तेव्हा आमच्या घरात ते फक्त शनिवारी दुपारी, आजी झोपल्यावर, आवाज बारीक करून लागायचं. आणि मी पुढं पुण्याला शिकायला गेल्यावर वडिलांचीच रीत उचलली. मित्र खोलीवर यायचे तेव्हा मेडन, सॅबथ, मेटालिका, स्लेयर मांडणीवर असायचं आणि प्रल्हाद शिंदे गादीखाली. गावी आलो की उलट. काळे टी-शर्ट बॅगेच्या तळाशी. दोन्हीकडं काहीतरी लपवत जगण्याची इतकी सवय झाली की त्या ओट्यावर त्या म्हाताऱ्या माणसानं सरळ विचारल्यावर तोंडातून आपोआप "काही नाही" बाहेर पडलं.

मी आज उघड सांगतो: प्रल्हाद शिंद्यांचा आवाज हा मराठीत ध्वनिमुद्रित झालेल्या सगळ्यात जोरकस आवाजांपैकी एक आहे. त्यात गुळाचा पाक नाही. पंढरीच्या वाटेवरचं त्यांचं कुठलंही गाणं घ्या, वरच्या पट्टीत जाताना ते आवाज बारीक करत नाहीत, छाती तशीच उघडी ठेवून वर जातात. आवाज कडेला जरा फाटतो, आणि त्या फाटण्यातून भक्ती आत येते. मेडनचा गायक ब्रूस डिकिन्सन हेच करतो, पुढं सॅबथमध्ये गायलेला रॉनी जेम्स डिओ हेच करायचा. स्वच्छ गळ्यानं सांगून होणार नाही एवढी मोठी गोष्ट सांगायची असली की गळ्याला धार लागते. आनंद शिंद्यांच्या त्या 'पोपटा'ला थिल्लर म्हणणारे पुष्कळ भेटले, पण त्यांतल्या बहुतेकांनी त्यांची भीमगीतं कधी ऐकलेली नव्हती. 'तसली गाणी' म्हणताना नाक मुरडलं जायचं ते गाण्यापेक्षा गाणाऱ्याकडं बघून, हे मला उशिरा कळलं आणि कळल्यावर माझ्या त्या गादीची मला फार लाज वाटली. विठ्ठल उमप 2010 साली नागपूरला दीक्षाभूमीवर, कार्यक्रमाच्या मंचावरच कोसळले आणि गेले. त्या दिवशी मी ऑफिसात होतो. बातमी वाचून जिन्यात जाऊन उभा राहिलो, आणि शेजारी सिगरेट ओढणाऱ्या कुणाला सांगावं तर कुणाला ते नाव ओळखीचंच नव्हतं.

तोवर मराठी अल्बम म्हटलं की चित्र वेगळं झालं होतं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस 'गारवा' आला. सौमित्रच्या कविता, मिलिंद इंगळेंचा आवाज, पाऊस, आणि दोन गाण्यांच्या मधे हळू आवाजात बोललेल्या ओळी. मला तो आवडला, आजही आवडतो. जूनमध्ये कात्रजचा घाट चढताना तो न लावता गेलेलो मी नाही. 2003 पासून सलील कुलकर्णी आणि संदीप खरे यांनी सभागृहं भरवली, तेव्हा नोकरी लागलेली आमची पिढी मराठी गाण्याला पुन्हा तिकीट काढून जायला लागली, हेही खरंच मोठं काम होतं. माझं दुखणं निराळं आहे. या अल्बमांच्या मागं-मागं जे शेकडो आले त्यांनी मराठी मनाला फक्त पाऊसच पडतो असं ठरवून टाकलं. कीबोर्डवरची बासरी, हलका तबला, खिडकी, आठवण. कारखान्याचा भोंगा नाही, जत्रेतली धूळ नाही, राग तर औषधालासुद्धा नाही. ज्या भाषेत तुकोबांनी विठ्ठलाला तोंडावर शिव्या घातल्या, ज्या भाषेत शाहिरांनी डफावर थाप मारून सभा पेटवल्या, तिचा अल्बम इतका मऊ कसा झाला? हा प्रश्न मी कित्येक रात्री मित्रांपाशी काढला. मित्र म्हणायचे, लोकांना तेच हवं असतं. मला ते खरं वाटत नाही. गणपतीत नाशिक ढोल फुटला की याच लोकांचे खांदे आपोआप हलतात. हलगीची पहिली थाप पडली की बँकेतला साहेबसुद्धा पाय आवरू शकत नाही. लोकांना काय हवं ते लोकांच्या अंगाला ठाऊक आहे. ते फक्त प्लॅस्टिकच्या डबीत घालून दुकानात कधी ठेवलं गेलं नाही.

ठेवलं गेलं ते सिनेमाच्या वाटेनं. 2009 साली 'जोगवा' कराडच्या थिएटरात बघितला. अजय-अतुलचा संबळ आणि भंडाऱ्याचं ते गाणं सुरू झालं आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या एका बाईनं डोक्यावरचा पदर दातात धरला. मी पुढचे दोन दिवस दुसरं काही ऐकलं नाही. त्या गाण्यात पडद्याबाहेर यायची ताकद होती, कारण संबळाला त्यांनी वाद्यमेळाच्या कोपऱ्यात बसवलं नाही, पाटावर बसवलं. पण सिनेमातलं गाणं कथेचं देणं लागतं, पाच मिनिटांत त्याला आटोपावं लागतं. अल्बमला तसं बंधन नसतं. चाळीस-पन्नास मिनिटं एकाच भट्टीत माणसाला बसवण्याची मुभा अल्बमला आहे, आणि ती मुभा मेटलवाल्यांइतकी मनापासून दुसऱ्या कुणी वापरलेली मला माहीत नाही.

आमच्याकडच्या मेटलवाल्यांबद्दलही मला बोलायचं आहे, आणि तेही माझेच आहेत म्हणून बोलायचं आहे. 2003 साली मुंबईत एका बँडनं स्वतःचं नाव 'भयानक मौत' ठेवलं तेव्हा मला केवढा आनंद झाला होता! वाटलं, आता आपल्या शब्दांत कुणीतरी ओरडणार. 2009 चा त्यांचा अल्बम घेतला. वाजवणं असं की भिंतीचा गिलावा पडावा. पण शब्द इंग्रजी. मुंबईच्याच डेमॉनिक रिझरेक्शन या बँडनं 2017 मध्ये 'दशावतार' काढला, विष्णूच्या एकेका अवतारावर एकेक गाणं. कल्पना भारी, वादन तयारीचं. पण कोकणात रात्रभर चालणाऱ्या दशावतारात राक्षस मांडावर येताना जो पखवाज आणि झांजांचा गजर होतो, त्याची भीती मी ज्या मुंबईच्या अल्बममध्ये शोधत होतो ती मला तिथं मिळाली नाही. मुंबईपासून मालवण एका रात्रीच्या गाडीवर आहे. ब्राझीलचे सेपल्टुरा 1996 च्या 'रूट्स'साठी शावांते आदिवासींच्या वस्तीत जाऊन, त्यांच्याबरोबर बसून ध्वनिमुद्रण करून आले. मंगोलियाचे 'द हू' टोकाला घोड्याचं डोकं कोरलेलं मोरिन खूर हे तंतुवाद्य वाजवत, त्यांच्या गवताळ माळावरच्या कंठगायनातून बोलतात आणि सारं जग त्यांच्या भाषेत मान हलवतं. दिल्लीच्या ब्लडीवुडनं 2022 मध्ये 'रक्षक'मध्ये ढोल आणि हिंदी-पंजाबी शब्द घालून युरोप-अमेरिकेतली मैदानं गाजवली. मग संबळ आणि मराठी का थांबलेत? मला खरोखर कळत नाही.

मधे एका तरुण मित्रानं त्याच्या बँडची नवी चीज ऐकायला पाठवली होती. सुरुवातीला अर्धा मिनिट संबळ. माझ्या अंगावर काटा आला. मग गिटारी आत आल्या आणि संबळ गायब. मी त्याला फोन केला, जवळजवळ तास बोललो. म्हटलं, वरून कोथिंबीर पेरल्यासारखं करू नकोस. संबळाचा आवाज ज्या उंचीला बसतो तिथंच डिस्टॉर्शन लावून खरखरीत केलेल्या तुझ्या दोन गिटारी बसतात, म्हणून तो गिळला जातो. गिटारला खाली उतरव, आयोमीनं उतरवली तशी. वरची सगळी जागा संबळाला दे. एका काठीचं टोक वाकडं असतं, त्यानं एक चामडं बोलतं आणि दुसऱ्या काठीनं दुसरं. त्या दोघांचं भांडणच तुझं ड्रमवादन आहे, वेगळा डबल बास ड्रम हवाच कशाला. आणि तुणतुणं. एक तार, एकच सूर, रात्रभर. मेटलमध्ये खालची जाड तार तळहातानं दाबून एकाच सुरावर जे दळण दळतात ते दुसरं काय असतं? तुणतुण्याला पुढं ठेव आणि गिटारीनं त्याच्याभोवती फेर धरू दे. शब्द मराठी ठेव. 'ळ' आणि 'ठ' आणि 'ढ' असलेली भाषा ओरडायलाच जन्माला आली आहे. तो सगळं ऐकून म्हणाला, "दादा, पण आमच्यात कुणाला गोंधळी माहीतच नाही." त्यावर मला बोलता आलं नाही.

17 मार्च 2007 ला आयर्न मेडन बंगळूरला आले. पुण्या-बंगळूरचा रस्ता आमच्या कराडच्या छातीवरून जातो. लहानपणापासून कोल्हापूर नाक्यावर उभं राहून त्या रस्त्यानं जाणाऱ्या गाड्यांचे दिवे बघितले होते; त्या रस्त्याच्या टोकाला मेडन असतील असं कुणी सांगितलं असतं तर मी खरं मानलं नसतं. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं गेलो. निपाणीला चहा, हुबळीच्या पुढं झोप. पॅलेस ग्राउंड्सवर लाल माती, दुपारपासून रांगेत उभे असलेले गुवाहाटीचे, कोचीचे, शिलाँगचे लोक. दिल्लीच्या परिक्रमा या बँडनं सुरुवात केली तेव्हा अजून उजेड होता. अंधार पडल्यावर दिवे विझले आणि ज्या क्षणी पहिला सूर आला त्या क्षणी गर्दी पाण्यासारखी पुढं सरकली, माझे पाय जमिनीवरून सुटले. पुढचे दोन तास मी काय केलं ते मला सलग आठवत नाही. मान दुखत होती, तोंडात माती होती, गळा बसला होता, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. शेजारच्या अनोळखी मुलानं माझ्या खांद्याला धरून ठेवलं होतं, नाहीतर पडलो असतो. आणि तिथं, त्या धुळीत, मला एकदम आमची आत्या आठवली.

आत्याच्या अंगात यायचं. वर्षभर खाली मान घालून राबणारी, सासऱ्यासमोर खाकरायलाही घाबरणारी बाई. नवरात्रात संबळाची लय वाढायला लागली की तिचे खांदे आधी थरथरायचे, मग अंबाडा सुटायचा, आणि मग ती केस मोकळे सोडून घुमायला लागायची. मान इकडून तिकडं, तालावर, एकही ठोका न चुकता. बायका तिला मागून धरून उभ्या राहायच्या. सासरा हात जोडायचा. अर्ध्या तासानं ती पाणी मागायची आणि पुन्हा खाली मान. लहानपणी मला त्याची भीती वाटायची, कॉलेजात असताना मी त्याला अंधश्रद्धा म्हणून मोकळा झालो. बंगळूरहून परतताना बसच्या खिडकीला डोकं टेकवून मला पहिल्यांदा वाटलं की आत्याला त्या अर्ध्या तासात काय मिळत असेल ते मला आता थोडं ठाऊक आहे. देवी येते की नाही हे मी सांगू शकत नाही. पण वाजवणाऱ्यानं लय योग्य ठिकाणी नेली, मागून कुणीतरी धरायला उभं असलं, की माणूस आपलं वर्षभराचं ओझं मानेवरून झटकून टाकू शकतो. आत्या आता नाही. तिला हे विचारायचं राहून गेलं.

मामाच्या अंगणातल्या त्या रात्री म्हातारबाबांनी देवांना आवतण द्यायला सुरुवात केली. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, जेजुरीचा खंडोबा, पालीचा, औंधची यमाई, मग एकेका वाडीचं, एकेका शिवेचं दैवत. प्रत्येकाचं नाव घेऊन, प्रत्येकाच्या गावासकट, गोंधळाला या म्हणून. दहा वाजता मांडवातला डीजे पोलिसांच्या भीतीनं बंद झाला. संबळाला वीज लागत नव्हती. बाबांचा आवाज चिरका झाला होता. वरच्या सुराला तो दुभंगायचा, एकाचे दोन व्हायचे, आणि दोन्ही खरे वाटायचे. बारा वाजता पाहुणे पांगले, एकच्या सुमाराला नवरा-नवरीही पेंगत होते, झांजवाला पोरगा तर भिंतीला टेकून झोपलाच. पुतण्या तुणतुणं वाजवत होता आणि एका हातानं पोत सांभाळायचा प्रयत्न करत होता. बाबा मात्र वाजवत राहिले. आख्यान संपेपर्यंत ऐकायला मी, मामी आणि दोन कुत्री. संबळावरची ती घोडदौड, मधेच एक ठोका गिळून पुढच्यावर दुप्पट वजन टाकायची ती खुबी. मी कितीतरी वेळा मनात म्हटलं, हे मला माहीत आहे, हे मी आठवीपासून ऐकतोय. आणि तरी पहाटे ते दक्षिणा घेऊन निघाले तेव्हा माझ्याच्यानं त्यांच्याजवळ जाववलं नाही.

भाद्रपदात, गौरी गेल्यावर, मी मामाकडून त्यांचा पत्ता घेतला आणि गेलो. दोन खोल्यांचं घर, पुढं पत्र्याची पडवी. संबळ खुंटीला होता, वर धुतलेलं धोतर टाकलेलं. बाबांनी आधी ओळखलं नाही. मग मी बॅगेतून तो टी-शर्ट काढून दाखवला, तेव्हा, "हां हां, त्यो देव!" म्हणून हसले. मी म्हटलं, "बाबा, त्या दिवशी मी तुम्हाला नीट सांगितलं नाही." आणि सांगितलं. मिसर देशातला राजा, त्याला सगळे देव म्हणायचे, मरण आल्यावर त्यानं काय विचारलं. आजीचा हातही सांगितला. ते सुपारी कातरत ऐकत होते. कातरायचं थांबले.

"मग काय सांगितलं त्येला?"

"कोणी काहीच नाही सांगितलं. गाणं तिथंच संपतं."

"बराबर हाय," म्हणाले.

मी फोनला हेडफोन जोडले आणि त्यांच्या कानावर ठेवले. मोठे, कान झाकणारे. त्यांनी दोन्ही हातांनी ते धरून ठेवले. सुरुवातीला भुवया वर गेल्या. मग डोळे मिटले. थोड्या वेळानं उजव्या हाताची बोटं मांडीवर चालायला लागली. गाण्याच्या ठोक्यावर नाही, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत, जिथं गाण्यात कुणीच वाजवत नव्हतं. मध्यावर लय संथ झाली असणार, कारण बोटं थांबली आणि बाबांची मान जरा खाली आली. मी बाहेर बघत होतो. पडवीच्या पन्हळीतून पाणी गळत होतं. सात मिनिटं झाल्यावर त्यांनी हेडफोन काढून मांडीवर ठेवले.

"वाजवनारा दमाचा हाय. पळतूय, पन घाई न्हाई त्येला." मग जरा थांबून, "किती जनं हाईत ही?"

"पाच जण, बाबा."

"आमीबी पाच हुतो," ते म्हणाले, आणि एकेक बोट मिटत नावं सांगायला लागले.